हललेला फोटो

सकाळी सव्वानऊ वाजता, टेबलावरचा चहा अर्धा राहिलेला असताना, त्याला ती बारीक रक्तवाहिनी दिसली. दिसली म्हणजे काय, गुरुवारपासून ती तिथेच होती. कुठे पळून जाणार होती? सीटी स्कॅनचे फोटो एकदा मशीनमधून बाहेर पडले की जसेच्या तसे राहतात, बघणाऱ्याच्या डोळ्यांवर पडदा असो नाहीतर नसो. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात नऊ मिलिमीटरची एक गाठ, गाठीभोवती धुरकट वलय, आणि गाठीला येऊन टेकणारी ती केसाएवढी वाहिनी, टोक काढलेल्या पेन्सिलीने ओढावी तशी स्वच्छ. शेजारची बरगडीही स्वच्छ. त्याने माउसचं चाक मागे फिरवलं, पुढे फिरवलं. एका मिलिमीटरचा एक काप याप्रमाणे आख्खी छाती त्याच्यासमोरून खाली गेली, वर आली. सगळं जागच्या जागी होतं. कुठेही दुहेरी कड नाही, कुठेही काही फराटलेलं नाही. आणि शेजारच्या पडद्यावर गुरुवारचा रिपोर्ट, खाली त्याचीच सही: ‘उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात लहान गाठ. रुग्णाने श्वास नीट न रोखल्यामुळे भोवतालचा भाग अस्पष्ट. गरज वाटल्यास फोटो पुन्हा काढावा.’ रुग्ण म्हणजे त्याची ताई. आज मंगळवार होता.

माउसवरची बोटं त्याला आपली वाटेनात. अठ्ठावीस वर्षं तो या अर्ध्या अंधाऱ्या खोलीत बसून माणसांच्या आतले फोटो वाचत होता. रुग्णाला हात न लावता, तोंडही न बघता निदान सांगायचं. वॉर्डातले डॉक्टर त्याला चिडवायचे, तुमचं बरं आहे, उंटावरून शेळ्या हाकायच्या. तो हसून म्हणायचा, हाका तुम्ही, पण शेळी कुठे आहे ते मीच सांगतो ना? शिकायला येणाऱ्या मुलामुलींना हे वलय तो स्वतः दाखवायचा. दिवे मालवून, काठी पडद्यावर टेकवून. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी औषधांनी संपलेल्या आहेत, ताप उतरत नाही, आणि फुफ्फुसात गाठ आणि गाठीभोवती धूर दिसला, तर तो धूर म्हणजे रक्त. हवेत बुरशीचे कण असतात, तुमच्याआमच्या सगळ्यांच्या नाकातून आत जातात आणि आत गेल्यावर आपल्या पेशी त्यांचा निकाल लावतात. राखणदारच नसला की तो कण फुफ्फुसात मूळ धरतो, रक्तवाहिनीत घुसतो, ती फोडतो आणि भोवती रक्त झिरपतं. हे वलय चार-पाच दिवसच असं दिसतं. तेवढ्यात औषध सुरू झालं तर माणूस वाचण्याची आशा असते. म्हणून वलय दिसलं की आधी फोन करायचा, रिपोर्ट नंतर लिहायचा, असं तो बजावायचा. एखादा पोरगा नुसतीच मान डोलवताना दिसला की त्याच्याकडून ते दोनदा वदवून घ्यायचा. चार-पाच दिवस. तो बोटांवर मोजू लागला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. मग त्याने मोजणं थांबवलं, कारण पुढचं बोट मंगळवारचं होतं.

कसं झालं असं? आंधळा होता का तो? नव्हता, आणि हेच त्याला सहन होत नव्हतं. एरवी तो रुग्णाला बघतच नाही, पण गुरुवारी ताईची पाळी म्हणून तो मशीनच्या खोलीशेजारी, काचेमागे जाऊन उभा राहिला होता. त्या मशीनमध्ये आवाज ताईचा होता. अकरा वर्षांपूर्वी मशीन बसवलं तेव्हा त्यातली बाई परक्या भाषेत बोलायची, रुग्ण गोंधळून भलत्याच वेळी श्वास घ्यायचे. बसवणारा म्हणाला, आपल्या भाषेत भरून देतो, स्वच्छ आवाजाचं कुणीतरी आणा. ताई नेमकी त्या दिवशी त्याचा विसरलेला चष्मा द्यायला आली होती. चौतीस वर्षं शाळेत वर्ग शांत केलेला आवाज. तिने पदर खोचून, माइकसमोर ताठ उभं राहून सांगितलं, श्वास आत घ्या, रोखून धरा, आता श्वास सोडा, आणि एका फटक्यात पास झाली. तेव्हापासून गावातली हजारो माणसं ताईच्या हुकमाने श्वास घेत आणि सोडत आली. घरी ती ऐटीत म्हणायची, तुझ्या दवाखान्यात माझ्याशिवाय पान हलत नाही. गुरुवारी ती स्वतः त्या फळीवर आडवी झाली, अंगात ताप, डोक्यावर केस नाहीत, आणि मशीनमधून तिचाच अकरा वर्षांपूर्वीचा ठणठणीत आवाज तिला म्हणाला, श्वास आत घ्या. ताई हसली. स्पीकरमधून तिचं हसणं त्याने ऐकलं, त्यालाही हसू आलं, आणि तिला तशी बघवेना म्हणून तो तिथून निघून आपल्या खोलीत आला. तासाभराने फोटो समोर आले तेव्हा त्याच्या डोक्यात ते हसणं होतंच. गाठीभोवती धुरकट दिसताच तो मनात म्हणाला, हसली ना वेडी, हलला फोटो. फोटो बघण्याआधीच त्याच्याकडे कारण तयार होतं. परक्या बाईचा फोटो असता तर त्याने ती वाहिनी बघितली असती. नक्की बघितली असती. आणि खरं सांगायचं तर त्याला ते वलय नकोच होतं, म्हणून ते हसणं त्याने धरून ठेवलं होतं.

हललेला फोटो त्याला काही नवा नव्हता. घरात एक होताच. आई, बाबा, ताई आणि तो, असे चौघं असलेला एकुलता एक फोटो, स्टुडिओत काढलेला. तो पाच वर्षांचा होता, ताई पंधराची. आईला लाकडी खुर्चीत बसवलं होतं, कारण तिला उभं राहवत नव्हतं, हे त्याला पुष्कळ वर्षांनी कळलं. फोटोवाल्याने काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि याला धीर धरवेना, कापडाखाली तो काय करतो ते बघायला हा वाकला. फोटो आला तेव्हा सगळे नीट होते आणि याच्या जागी एक पुसलेलं तोंड. बाबा संतापले. पुन्हा काढायचं म्हटलं तर आईला तिथवर न्यायचं त्राण कुणात राहिलं नव्हतं. तेव्हा ताई म्हणाली होती, मी त्याला चिमटा काढला, म्हणून तो हलला. तिने चिमटा काढला नव्हता. बाबा चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आणि महिन्याभराने आई गेली, आणि ताई त्याच्यासाठी आईच्या जागी आली, डबा, अंघोळ, शाळा, सगळं. त्याला उचकी लागली की श्वास रोख म्हणायची आणि स्वतः मोजायची, सहा, सात, साडेसात, पावणेआठ, म्हातारी झाली तरी दहा येईना. पुढे तो हे काम शिकला तेव्हा एकदा त्याने तो फोटो भिंग घेऊन पाहिला होता. ताईचा उजवा हात त्याच्या खांद्यावर होता. ताई स्वच्छ, तिच्या वेणीचा गोंडासुद्धा स्वच्छ, पण तो हात मात्र मनगटापासून धूसर. तो हलला तेव्हा खांद्यावरचा हातही हललाच ना. मुलांना शिकवताना हा दाखला तो द्यायचा, अर्थात ताईचं नाव न घेता: हललेल्या गोष्टीला जे चिकटलेलं असतं तेही हलतं. गाठ हलली तर तिला टेकलेली वाहिनीही फराटलेली दिसली पाहिजे. वाहिनी स्वच्छ असेल तर गाठ हललेली नाही, भोवतीचा धूर खरा आहे. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान. त्याने चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

टेबलावर आजची चिठ्ठी होती, जिच्यामुळे त्याने जुना फोटो उघडला होता. ताप कायम, पहाटे खोकल्यातून रक्ताची रेघ, छातीचा सीटी पुन्हा, वेळ साडेअकरा. म्हणजे दोन तासांनी नवा फोटो येणार. नव्या फोटोत सगळं दिसेल, आंधळ्यालाही दिसेल इतकं. मग लिहायचं, ‘गेल्या फोटोच्या तुलनेत नव्याने दिसणाऱ्या खुणा’. जुना फोटो कोण उघडून बघतंय? झाकली मूठ. हा विचार त्याच्या मनात आला, सरळ, शांतपणे, एखाद्या सहकाऱ्याने सुचवावा तसा आला, आणि त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की तो उठून उभा राहिला. दोन तास कसले? आता, या मिनिटाला औषध सुरू व्हायला हवं होतं. त्याने रक्तविकाराच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. ताईच्या रक्ताच्या कर्करोगावर उपचार त्यांचेच होते, बाई हुशार आणि सावध. बुरशीवरचं औषध मूत्रपिंडांना फार जड, आणि ताईची मूत्रपिंडं आधीच्या औषधांनी थकलेली, म्हणून फोटोत खूण दिसली तरच ते द्यायचं, हे त्या दोघांनी मिळून ठरवलं होतं.

“बुरशीचं औषध सुरू करा,” तो म्हणाला. “आत्ता. फोटोची वाट बघू नका.”

“अहो, साडेअकराला फोटो आहेच की,” बाई म्हणाल्या. “दोन तासांनी काय होणार आहे? मूत्रपिंडांचा आजचा आकडा बघितलात का तुम्ही?”

“बघितला. तरीही सुरू करा. माझी जबाबदारी.”

पलीकडे बाईंनी जुना रिपोर्ट काढला. “गुरुवारच्या फोटोत तर तसं काही नव्हतं ना? तुम्हीच लिहिलं होतं.”

त्याच्यासमोर पडद्यावर गाठ होती, वलय होतं, वाहिनी होती. एवढंच म्हणायचं होतं की होतं, मला दिसलं नाही. एक वाक्य. कळत होतं त्याला.

“गुरुवारचा फोटो हलला होता,” तो म्हणाला.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही इतकं म्हणताय तर लावते बाटली. भाऊ म्हणून काळजी वाटणारच तुम्हाला.” त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि तो मऊपणा त्याला थोबाडीत मारल्यासारखा लागला. फोन ठेवल्यावर त्याने कीबोर्ड पुढे ओढला. गुरुवारी तो चुकला होता. चूक माणसाकडून होते, त्याच्याकडूनही आधी झाल्या होत्या, दोनतीनदा, आणि त्या त्याने सगळ्यांसमोर कबूलही केल्या होत्या. पण आत्ता तो चुकला नव्हता. आत्ता त्याने जाणूनबुजून तीच गोष्ट पुन्हा सांगितली होती. त्याने गुरुवारच्या रिपोर्टखाली दुरुस्तीची चौकट उघडली, ‘दुरुस्ती’ असा शब्द लिहिला, आणि पुढे काय लिहायचं ते माहीत असूनही बोटं पुढे सरकेनात.

दहा वाजता तो मशीनच्या खोलीत गेला. तिथले तंत्रज्ञ त्याच्याहून वयाने मोठे, मशीन आल्यापासून तिथेच. सगळे त्यांना फोटोवाले म्हणत, आणि तेही आपली ओळख तशीच करून देत. ते फळीवर स्वच्छ चादर घालत होते.

“साडेअकराला ताई येणार ना?” ते म्हणाले. “उबदार चादर काढून ठेवलीय. गुरुवारी त्यांना थंडी वाजत होती.”

“गुरुवारी ती हसली तेव्हा,” त्याने विचारलं, आपण हे का विचारतोय ते त्याला कळत नव्हतं, “तेव्हा मशीन चालू होतं?”

फोटोवाल्यांनी चादरीची सुरकुती काढली. मग दुसरी काढली. “सर, ताई हसल्या त्या आधीच्या पट्टीला. कुठून कुठवर फोटो घ्यायचा ते बघायला आपण पट्टी काढतो ना, तेव्हा. मग मला म्हणाल्या, सॉरी हो, आता नाही हसत. खऱ्या फोटोला दगडासारख्या होत्या. हलला असता तर मी पुन्हा काढला असता की. माझ्या हातून हललेला फोटो वर जात नाही, तुम्हाला माहीत आहे.” ते त्याच्याकडे बघत नव्हते. “रिपोर्ट वाचला मी. म्हटलं, सरांना दिसलं असेल काहीतरी. आपण कोण बोलणार?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. त्यांच्या बोलण्यात टोमणा होता की नुसतं दुःख, ते त्याला ठरवता येईना. म्हणजे पाच दिवस या माणसानेही ते ओझं वाहिलं होतं, आणि रोज सकाळी त्याला नमस्कार केला होता. तो ‘बरं’ म्हणाला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याला तेवढंच सुचलं.

तिथून तो ताईकडे गेला. तिची खोली वेगळी होती, दाराबाहेर हात धुवायचे, तोंडाला मास्क, पायात कापडी पिशव्या, आतली हवासुद्धा गाळलेली. या खोलीत येण्याआधीच, घरी, नाहीतर रस्त्यात, नाहीतर दवाखान्याच्या कुठल्याशा जिन्यात तो एक कण तिच्या नाकात गेला असणार. कुठे, ते कधीच कळणार नव्हतं. हात धुताना तो स्वतःला सांगत होता, आत गेल्यावर पहिलं वाक्य तेच. ताई, मला तुला काहीतरी सांगायचंय. त्याने हात दोनदा धुतले, मग तिसऱ्यांदा. आत ताई उशीला टेकून बसली होती, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून, गाल फुगवून, लाल झालेली. त्याला बघून तिने बोट वर केलं, थांब. तो दाराशी थांबला. काही वेळाने तिने भस्सकन श्वास सोडला, खोकली, आणि खोकला थांबल्यावर म्हणाली, “बावीस.”

“काय बावीस?”

“बावीस सेकंद. शुक्रवारी नऊच जमत होते. काल एकोणीस.” तिने पायाशी पडलेल्या फाइलकडे मान हलवली. “वाचलं मी तुझं ते, रुग्णाने श्वास नीट रोखला नाही. लाज वाटली रे मला. जगाला अकरा वर्षं सांगतेय श्वास रोखा, श्वास रोखा, आणि स्वतःला सात सेकंद जमलं नाही. लोकां सांगे, म्हणतात ना, तसं. तुझा फोटो बिघडवला मी. मग म्हटलं, दुसरं काय काम आहे इथे? सराव करू. सिस्टर म्हणतात, आजी, दमाल. म्हटलं, दमू दे, या वेळी फोटो एकदम नीट आला पाहिजे.”

तो खुर्चीवर बसला. पहिलं वाक्य कुठे गेलं ते त्याला सापडेना. तिच्या हाताच्या शिरेत नवी बाटली लावलेली होती, पिवळसर औषध थेंबथेंब उतरत होतं, म्हणजे डॉक्टरबाईंनी शब्द पाळला होता. तिचे ओठ सुकून सोललेले होते. घड्याळाचा पट्टा सैल होऊन कोपराकडे घसरत होता. शुक्रवारी तो आला होता, शनिवारी आला होता, रविवारी दुपारभर इथेच बसला होता, आणि या बाईने त्याच्यासमोर एकदाही हे काढलं नाही, कारण तिला बावीस जमल्यावर दाखवायचं होतं. तिच्या अंगात बुरशी वाढत होती आणि ती त्याच्या फोटोसाठी मोजत होती. त्याला ओरडावंसं वाटलं. तिचे पाय धरावेत, त्या फाइलमधला तो कागद फाडून खावा, काहीतरी करावं असं वाटलं. तेवढ्यात ताई म्हणाली, “काय झालं? तोंड का असं? काही वाईट आहे का?”

“नाही,” तो म्हणाला. “छान आहे. बावीस छान आहेत.”

आणि उठून बाहेर आला. मूग गिळून. बाहेरच्या बाकावर बसून त्याने मास्क काढला तेव्हा तो आतून ओला झालेला होता. आपण काय करतोय हे त्याला लख्ख दिसत होतं, पडद्यावर दिसावं तितकं. आपल्याला भीती तिच्या मरणाची वाटतेय की तिला कळण्याची? दोन्हीची, असं उत्तर त्याने स्वतःला दिलं, आणि ते खोटं नव्हतं, पण त्यातली मोठी कोणती हे तो पुढे विचारेना. ती जर गेली, आणि हे समजून गेली की फोटो आपल्यामुळे बिघडला, तर आयुष्यभर तो काय करणार होता? चिमटा मी काढला असं सांगायला पुन्हा तीच पुढे आली होती, आणि या वेळी तिला तसं खरंच वाटत होतं.

साडेअकराला तिला चाकांच्या खुर्चीवरून खाली आणलं. बरोबर वॉर्डातल्या सिस्टर होत्या, हातात औषधाची बाटली उंच धरून. फोटोवाल्यांनी आणि सिस्टरांनी मिळून ताईला फळीवर निजवलं, उबदार चादर घातली. ती इतकी हलकी झाली होती की दोघांचाही तोल चुकला. तो काचेमागे उभा होता. आज तो खोलीत परत जाणार नव्हता, तेवढं त्याने ठरवलं होतं.

स्पीकरमधून ताईचा आवाज आला, बारीक, चिरका. “आहेस का रे तिथे?”

त्याने बटण दाबलं. “आहे.”

“त्या बाईला गप्प बसव. मशीनमधल्या. फार तोऱ्यात बोलते, मला पुन्हा हसू येईल. तूच सांग.”

फोटोवाल्यांनी मशीनचा आवाज बंद केला आणि माइक त्याच्याकडे सरकवला. आधीची पट्टी निघाली. मग त्यांनी मान डोलवली. तो माइकजवळ वाकला आणि म्हणाला, “ताई, श्वास आत घे. रोखून धर.” फळी सरकली, वर्तुळ घुमू लागलं, सात सेकंदांत सगळं झालं. फोटो एकामागून एक पडद्यावर उतरू लागले. त्याने इतका स्थिर फोटो कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. बरगड्या स्वच्छ, हृदयाची कड स्वच्छ, वाहिन्यांची बारीकात बारीक फांदी वेगळी मोजता येत होती. आणि उजवीकडे वर, नऊ मिलिमीटरच्या जागी चार सेंटिमीटरचा पांढरा गोळा, भोवती रुंद धुराचं वलय, मोठ्या धमनीला जाऊन भिडलेला. डावीकडे आणखी दोन. त्याला कुणी काही विचारलं नाही. फोटोवाले पडद्याकडे बघून नुसते मागे टेकले, त्यांनाही या खुणा ओळखता येत होत्या. औषध गुरुवारी लागायला हवं होतं, आज सकाळी साडेदहाला लागलं होतं. यापुढे दोन्हींपैकी काय लवकर होईल, पेशी परत येणं की ती धमनी फुटणं, ते सांगणारा कुठलाही फोटो त्याच्या खोलीत नव्हता.

त्याने बटण दाबलं. शेजारी फोटोवाले आहेत, दाराशी सिस्टर आहेत, त्या हे वॉर्डात सांगतील, डॉक्टरबाईंपर्यंत जाईल, सगळं त्याला समजत होतं. “ताई,” तो म्हणाला, “गुरुवारीही तू श्वास नीटच रोखला होतास. फोटो हलला नव्हता. तुला बुरशी झालीय, ती त्यात दिसत होती, मला दिसली नाही. तुझी काही चूक नाही. मी चुकलो, आणि आज सकाळी कळल्यावरही बोललो नाही. माझ्यामुळे पाच दिवस गेले.”

पलीकडून काही आलं नाही. त्याने बटण सोडलं, पुन्हा दाबलं. ती आता कधीच बोलणार नाही असं त्याला वाटलं, आणि ते योग्यच आहे असंही वाटलं.

“सर,” फोटोवाले हळू आवाजात म्हणाले, “त्यांना श्वास सोडायला अजून सांगितलंच नाही आपण.”

खोलीतल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर ताई दिसत होती. छाती वर, चादर ताणलेली, डोळे मिटलेले. चादरीवर तिची बोटं एकेक करून उचलली जात होती.

“सोड,” तो माइकमध्ये म्हणाला, “ताई, श्वास सोड, झालं, सोड.” मग माइक टाकून तो दार ढकलून आत गेला.

ती खोकत होती. सिस्टरांनी तिच्या ओठांशी रुमाल धरला, रुमालावर रक्ताची रेघ उमटली. खोकला थांबेपर्यंत तो फळीजवळ उभा होता. ताईने डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं.

“चोवीस,” ती म्हणाली.

“ताई.”

“ऐकलं मी. कान शाबूत आहेत अजून.” तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले. “सांगायचंस की रे सकाळी. पाच दिवस मी आकडे मोजत बसले. झोप लागली तरी जागी व्हायचे नि मोजायचे.” तिचा आवाज चढला नव्हता, पण हनुवटी थरथरत होती, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःसाठी रडताना पाहिलं. पुसायला तिने हात उचलला नाही. त्यानेही उचलला नाही, त्याला तो आपला हक्क वाटला नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “आज नीट आला का फोटो?”

“आला.”

“एकदम नीट?”

“एकदम नीट, ताई.”

“मग उठव मला. गार आहे इथे.”

सिस्टरांनी पाठीमागून आधार दिला, फोटोवाल्यांनी खुर्ची जवळ ओढली. तो वाकला. ताईने उठण्यासाठी उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवला, आणि त्याचा खांदा इतका हलत होता की तिचा हात त्यावर ठरेना.

“हलू नकोस रे,” ती म्हणाली. “पडेन मी.”